कपाटामागचा जोड

धाकटीच्या फ्रीजने सकाळपासून तीनदा घरघर केली आणि तीनदा मान टाकली. आत लेकीचं इन्सुलिन होतं, महिनाभराचं. दूध नासलं, भाजी सुकली तरी तिला फिकीर नव्हती. ते औषध तापलं की संपलं.

वायरमन यायच्या आधीच तिने निकाल लावून टाकला होता, वरची करंट चोरते. वरची म्हणजे थोरली जाऊ. आठ वर्षांपूर्वी भावाभावांनी घर वाटून घेतलं. वरचा मजला त्यांचा, खालचा हिचा आणि मधला जिना भांडणाचा. त्यातली तिसरी पायरी कोणी झाडायची ते अजून ठरलं नव्हतं, म्हणून ती कोणीच झाडत नव्हतं.

वायरमन म्हातारा, तोंडाचा फटकळ. आल्या आल्या त्याने प्लगमध्ये मीटरच्या दोन टोच्या खुपसल्या. दोनशे एकतीस. व्होल्टेज तर चांगलं आहे म्हणाला. म्हणजे मी खोटं बोलते का, असं धाकटीने विचारलं. बाई, इस्त्री लावा, म्हणाला.

तिने लावली. आकडा धाडकन एकशे बावन्नवर आला आणि त्याच क्षणी वरून फट् असा आवाज झाला.

"झालं हिचं सुरू," थोरली जिन्यात येऊन कडाडली. "महिन्यात पाचवा बल्ब. मुद्दाम करतेस तू."

मग जे झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. एक चोर झाली, एक जळकी झाली, दोघींची माहेरं निघाली. वायरमन मध्ये पडला नाही. त्याने इस्त्री बंद केली, वरचं सगळं बंद करायला लावलं, एक टोची येणाऱ्या तारेला, फेजला, आणि दुसरी अर्थिंगला लावून इस्त्री पुन्हा चालू केली. दोनशे एकोणतीस. मग मान हलवून उठला.

"येणारी तार ठणठणीत आहे," तो म्हणाला. "परतीची, न्यूट्रल, ती कुजलीय. आणि ती तुमची दोघींची एकच आहे. हिने इस्त्री लावली की हिचा दाब पडतो आणि तुमचा चढतो, मग बल्ब उडतो. तुम्ही गिझर लावला की उलटं. कोणी चोरत नाही, कोणी फोडत नाही. गप्प बसा आता."

वाटणीत दोन मीटर आले, दोन वेगळे फेज आले. परतीची दुसरी तार जिन्याच्या भिंतीतून न्यायची होती, पण तिची तार माझ्या भिंतीतून नको, असं दोघींनी एकाच दिवशी सांगितलं होतं. इतकं एकमत त्यांचं आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. म्हणून जुनीच राहिली. तिचा जोड वरच्या वळणावर भिंतीतल्या डबीत होता आणि डबीपुढे थोरलीचं लोखंडी कपाट.

वायरमनने दोन्ही घरांचं मेन पाडलं. जोड नवा होईपर्यंत, दोन तास, काही नाही.

कपाट हलणार नाही, थोरली म्हणाली.

"पोरीचं औषध आहे आत," धाकटी म्हणाली. हे वाक्य तिला कडू काढ्यासारखं गेलं.

"ठाऊक आहे. बल्ब उडायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, माझ्या फ्रीजमध्ये ठेव. तू दार आपटलंस." एवढं बोलून ती वर गेली. मग फरशीवर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज आला. "माझा टीव्ही जळू नये म्हणून हलवतेय," वरून ऐकू आलं.

डबीतून काळाठिक्कर पडलेला जोड निघाला. थोड्या वेळाने थोरली उतरली आणि तिसऱ्या पायरीवर बर्फाचं पातेलं ठेवून, धाकटीकडे न बघता, भिंतीशीच बोलली. "बर्फाला चिकटवू नकोस. गोठलं तरी वाया जातं."

हिला कसं माहीत, हे धाकटीने विचारलं नाही. औषध टॉवेलात गुंडाळून पातेल्यात ठेवलं.

दुपारी तीनला इस्त्री चालू असताना आकडा दोनशे तीस. फ्रीज गुरगुरला आणि गुरगुरतच राहिला. हे तात्पुरतं आहे, वेगळी तार टाकायलाच हवी, वायरमनने बजावलं. दोघी एकदम "बघू" म्हणाल्या आणि एकदम म्हणाल्या म्हणून दोघींची तोंडं वाकडी झाली.

धाकटीने पातेलं घासलं, पुसलं आणि तिसऱ्या पायरीवर ठेवायला गेली. आठ वर्षांची धूळ. ओल्या बुडाला चिकटली असती. तिने फडकं आणलं आणि पायरी पुसली.

पातेल्यापुरतीच.