तिसरं कडवं

आक्षेपांचा गठ्ठा काही केल्या संपेना, आणि बाईंचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

आधीच साहित्याच्या पेपरात पर्याय द्यायचे म्हणजे निम्मी थट्टा. अमक्या कवितेतला उंबरा कशाचं प्रतीक, तमक्या कवितेतली वेल म्हणजे कोण. चारांतलं एक निवडा आणि गोल काळा करा! जुने कवी बिचारे मरून गेले म्हणून सुटले, नाहीतर या पेपरात तेच आधी नापास झाले असते. शिक्षक भरतीची परीक्षा झाली, उत्तरं जाहीर झाली, तात्पुरती निवड यादी लागली आणि लगेच उमेदवारांनी उत्तरांवर आक्षेप घेतले. ते निस्तरायला तिघांना या खोलीत कोंबलं होतं: एक अध्यक्ष, एक तरुण प्राध्यापक आणि आयुष्यभर कविता शिकवून निवृत्त झालेल्या बाई. खोलीत पंखा होता, पण त्याचा वारा फक्त अध्यक्षांना लागत होता.

"पुढचा घ्या," अध्यक्ष जांभई आवरत म्हणाले. "पालथी नाव."

बाई सावरून बसल्या.

हा प्रश्न त्यांना झोपेतही पाठ होता. नावाडी काठावर आपली नाव पालथी घालतो आणि नदीकडे पाठ करून बसतो. ही पालथी नाव कशाचं प्रतीक? मृत्यू, वैराग्य, प्रतीक्षा की आळस? उत्तर वैराग्य. शाळेच्या पुस्तकात या कवितेची पहिली दोन कडवी होती आणि बाईंनी हे उत्तर कितीतरी वर्गांकडून घोकून घेतलं होतं. घरी छकुलीकडूनसुद्धा.

छकुली म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी. आई गेल्यावर बाईंनीच तिला वाढवलं. नाव छकुली, पण आता केस पांढरे व्हायला लागलेले. तात्पुरत्या नोकऱ्या करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली आणि वयाच्या अटीमुळे ही परीक्षा शेवटचीच होती. भांडी विसळता विसळता बाई ओरडून प्रश्न विचारायच्या आणि ती आतल्या खोलीतून ओरडून उत्तरं द्यायची. यादीत अगदी शेवटी का होईना, तिचं नाव लागलं होतं. एक गुण घसरला की कारभार आटोपला.

भाची परीक्षेला बसली आहे हे बाईंनी पहिल्याच दिवशी अध्यक्षांच्या कानावर घातलं होतं. "सख्खी मुलगी नाही ना? मग नियमात बसतं," म्हणून त्यांनी विषय उडवून लावला होता. त्यांना माणूस मिळत नव्हता, दुसरं काय!

"आक्षेप घेणाऱ्यानं अख्खी कविता जोडली आहे," प्राध्यापक म्हणाला. "बाई, तिसरं कडवं वाचता का?"

तिसरं? बाईंनी जन्मात तिसरं कडवं पाहिलं नव्हतं. पुस्तकात नाही म्हणजे कवितेतच नाही, असंच त्या धरून चालल्या होत्या. चष्मा पुसून त्यांनी वाचायला घेतलं. नावाडी नावेच्या तळावर ओणवा होतो, बोटांनी फटी चाचपतो आणि त्यांत डांबर भरत जातो. त्याचं माणूस पलीकडे गेलेलं आहे. तिकडून हाक आली तर नाव गळकी असून कसं चालेल?

बाईंनी कागद खाली ठेवला. अगं बाई, डांबर लावायला नाव पालथीच घालावी लागते की! नदीकडे पाठ होती ती कामासाठी. कसलं वैराग्य घेऊन बसलो आपण इतकी वर्षं?

"उत्तर प्रतीक्षाच," प्राध्यापक म्हणाला. "अभ्यासक्रमात पूर्ण कविता नेमलेली आहे."

"अहो, वैराग्य चालत आलंय ते चालू द्या की. आता यादी कशाला हलवायची?" अध्यक्ष वैतागले. मग बाईंकडे वळले. "बाई, तुमच्या हाताखालून गेलेली कविता आहे ही. तुम्ही म्हणाल ते."

वैराग्य म्हणायला काय जात होतं? कोणी चकार शब्द काढला नसता. बाईंना त्या कवीचाच राग आला. मेल्या, दोन कडव्यांत नसती का आटोपली? पण कोणीतरी ती सगळी वाचली होती, बरोबर गोल काळा केला होता आणि तेही कोणाचं तरी लेकरूच होतं. त्याचीही कदाचित शेवटचीच वेळ असेल. बाईंना इतकं दमल्यासारखं झालं की तिथंच टेबलावर डोकं टेकावंसं वाटलं.

"प्रतीक्षा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

घरी छकुली बटाटे सोलत होती. बाईंनी चपलाही काढल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहून सगळं सांगून टाकलं. छकुलीचा हात थांबला. मग तिनं अर्धवट सोललेला बटाटा पुन्हा सोलायला घेतला.

"चूक माझी आहे गं," बाई म्हणाल्या. "मी तिसरं कडवं कधी वाचलंच नाही. तुझं वाटोळं केलं मी. बोल ना, भांड माझ्याशी!"

"मी वाचलं होतं," छकुली म्हणाली.

"काय?"

"पूर्ण कविता. लायब्ररीतून आणली होती."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"सांगणार होते. पण तू दमलेली असायचीस. आणि मी वैराग्य म्हटलं की किती खूश व्हायचीस."

"अगं, पण पेपरात? पेपरात तर मी नव्हते ना!"

छकुलीनं बटाटा पाण्यात टाकला. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

"पेपरात आधी प्रतीक्षाच वाटलं मला," ती म्हणाली. "मग म्हटलं, मावशी कशी चुकेल?"