दोन्ही उजव्याच हाताचे

मी एक जुना हातमोजा आहे. उजव्या हाताचा. माझा जोडीदारही उजव्याच हाताचा आहे. मित्रांनो, हसू नका. मी आज आधीच रागात आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावे, असा रिवाज आहे म्हणतात. मला ते जमणार नाही. ज्यांना गोड ऐकायचे असेल त्यांनी एखाद्या उशीच्या अभ्र्याकडे जावे.

मी दोन बहिणींच्या हातून जन्मलो. थोरली रेल्वेच्या फाटकावर कामाला आहे. रूळ आणि रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथे तिची एका खोलीची चौकी. खोलीत एक बाकडे, एक शेगडी, भिंतीवर फोन. बाहेर लोखंडी खांबावर मोठे चाक. फोन वाजला की गाडी निघाली असे समजायचे, बाहेर जायचे आणि चाक फिरवायचे. सव्वीस फेऱ्यांत फाटक खाली येते, सव्वीस फेऱ्यांत वर जाते. मग पुढच्या फोनपर्यंत थोरली बाकड्यावर बसून टकळीवर लोकर कातत असे. टकळी म्हणजे खाली चकती असलेली एक काडी. ती गरगर फिरते आणि लोकरीला पीळ बसून सूत होते. थोरलीचा हात असा, की तिच्या सुताला कुठे जाड-बारीक म्हणून सापडायचे नाही. माझे सूत कातायला तिला अख्खा उन्हाळा लागला.

धाकटी रंगवते आणि विणते. तिचे तोंड आणि तिच्या सुया एकाच वेगाने चालतात. दोन महिने ती भाजीवाल्याकडे जाऊन कांद्याची सालं गोळा करत होती. "कांदे घ्यायचे नाहीत आणि सालं तेवढी न्यायची, असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही," असे तो म्हणायचा, पण पिशवी भरून द्यायचा. ती सालं तिने मोठ्या पातेल्यात उकळली. रंग पक्का बसावा म्हणून सूत आधी तुरटीच्या पाण्यात भिजवले. पहिल्या लडीला मधासारखा रंग आला. दुसरी लड घालताना तिने पातेल्यात मूठभर गंजलेले खिळे टाकले, तर ती लड शेवाळी होऊन बाहेर आली. मोजमाप तिने कशाचेच केले नव्हते. "हा रंग पुन्हा माझ्या बापालाही जमायचा नाही," असे ती कौतुकाने म्हणाली. स्वतःचे कौतुक करण्यात तिने कधी हात आखडता घेतला नाही.

आम्हाला बोटे नाहीत. चार बोटांना मिळून एक मोठी पिशवी आणि अंगठ्याला वेगळी खोली, असे आमचे घर. पाठीवर मधाळ आणि शेवाळी रंगाच्या रेघा, तळवा साधा, आणि अंगठा तळव्याकडून फुटलेला. धाकटी थोरलीचा डबा घेऊन फाटकावर यायची आणि तिथेच बसून विणायची. पहिला हातमोजा झाला, तो माझा जोडीदार. दुसरा सुरू करताना ती म्हणाली, "बघ ताई, दोन्ही तंतोतंत सारखे करते. एका टाक्याचाही फरक निघाला तर नाव बदलीन."

आणि तिने शब्द खरा केला. एका टाक्याचाही फरक निघाला नाही. पण डाव्या हाताचा अंगठा दुसऱ्या बाजूला लागतो, हे बोलण्याच्या भरात ती साफ विसरली होती. थोरलीने जोडीदार उजव्या हातात घातला, छान बसला. मला डाव्या हातात घातले, तर माझा अंगठा तिच्या हाताच्या पाठीवर उभा. धाकटीचे तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद झालेले मी पाहिले.

"दे इकडे. आत्ताच्या आत्ता उसवते," ती म्हणाली.

"हात लावून तर बघ. अख्ख्या उन्हाळ्याचं सूत आहे ते माझं."

असे म्हणून थोरलीने मला टोकाला धरले, आत ढकलले आणि उलटा करून बाहेर काढले. आतली बाजू बाहेर आली, बाहेरची आत गेली. मग तिने डावा हात घातला. अंगठा बरोबर अंगठ्यात गेला.

"झाला की नाही डावा?"

"अगं पण गाठी दिसतायत सगळ्या. सुताची टोकं लोंबतायत!"

"फाटकाला कुठं दिसतायत?"

तेव्हापासून मी उलटा राहिलो. माझी नक्षी आत, आणि गाठी जगाला दिसायला. सुरुवातीला मला लाज वाटायची. मग कळले, की माझी खरबरीत उलटी बाजूच त्या थंडगार चाकाला घट्ट धरते. जोडीदार गुळगुळीत, तो कधीकधी निसटायचा. मी कधी निसटलो नाही. सहा हिवाळे मी ते चाक फिरवले. लोखंडाचा गारठा माझ्यापर्यंत यायचा आणि माझ्यापाशीच थांबायचा. थोरलीचे हात आतून कोरडे आणि उबदार असायचे. मित्रांनो, आम्हा हातमोज्यांना यापरता दुसरा मोठेपणा नसतो.

सातव्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी फाटक बंद असताना पलीकडे एक मोटार उभी राहिली. मालगाडी लांबलचक होती, म्हणून मोटारीतल्या बाई खाली उतरल्या. शहरातल्या हस्तकलेच्या संग्रहालयाच्या त्या प्रमुख. त्यांची नजर थोरलीच्या हातांवर गेली. डब्याची वेळ होती, धाकटीही तिथेच होती. हाताने कातलेले सूत, घरी केलेला रंग, हे ऐकून बाई हरखून गेल्या. "पंधरा दिवसांचं प्रदर्शन आहे. एवढे द्या मला. अगदी जपून ठेवीन."

थोरलीने धाकटीकडे पाहिले. धाकटीचा चेहरा असा फुलला होता, की नाही म्हणायचे कुणाला धाडस झाले नसते.

"थंडी पडायच्या आत परत आणते ताई. माझी जबाबदारी," धाकटी म्हणाली.

थोरलीने आम्हाला हातांतून काढून दिले. तिने तेव्हा नको म्हणायला हवे होते. मी अजून तिच्यावर त्यासाठी चिडतो.

संग्रहालयात आधी आम्हाला धुतले. मग एकाने मला पाहून तोंड वाकडे केले आणि सुलटा केला. लहान कात्रीने माझ्या गाठींची टोके कराकरा कापली. सहा वर्षे ज्या टोकांनी मला धरून ठेवले होते, ती केराच्या टोपलीत गेली. मला विचारले कोणी? मग आम्हाला काचेच्या पेटीत मखमलीवर निजवले आणि शेजारी पाटी लावली: हाताने कातलेल्या व रंगवलेल्या लोकरीचा जोड, उजवा व डावा.

डावा! ज्याने पाटी लिहिली त्याने एकदा हात घालून पाहिला असता, तर त्याला कळले असते.

लोक यायचे, वाकून बघायचे. "किती उबदार दिसतात नाही?" दिसतात! अरे, त्या दालनात तर भिंतीतून गरम हवा सोडलेली. मखमलीला थंडी वाजते का? मी पेटीत पडून पडून फुगत होतो, आणि ऊब द्यायला समोर एकही हात नव्हता. कौतुकाचा मला वीट आला. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन झाले. लोकांना फार आवडलेत म्हणून मुदत वाढवत गेले.

तिकडे काय चालले होते ते मला नंतर बहिणींच्या बोलण्यातून कळले. प्रदर्शनामुळे धाकटीकडे हातमोज्यांची मागणी आली. तिने थोरलीने कातून ठेवलेले सगळे सूत नेले आणि लोकांसाठी विणत बसली; डबा घेऊन फाटकावर यायचेही तिने सोडले. गावभर हात झाकले, बहिणीचे तेवढे उघडे राहिले. थंडी तर अशी पडली, की चाकावर पहाटे दहिवर गोठायचे. थोरलीने बाजारातले रबरी हातमोजे आणले, ते चाकावरून घसरायचे. चिंध्या गुंडाळल्या, त्या ओल्या होऊन बोटांना चिकटायच्या. हातांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त येऊ लागले. टकळी तर तिने कधीच बाजूला ठेवली होती, बोटांत काडीच फिरेना. एका सकाळी फाटक अर्धे उतरले असताना चाक तिच्या हातातून सुटले. फाटक पुन्हा वर गेले. ते खाली येईपर्यंत गाडीला सिग्नलला थांबावे लागले. कोणाला इजा झाली नाही, पण मोठ्या साहेबांची चिठ्ठी आली. पुन्हा एकदा असे झाले, तर फाटक दुसऱ्याच्या हाती. अठरा वर्षे तिने ते फाटक सांभाळले होते. तिने ती चिठ्ठी घडी करून टकळीखाली ठेवली आणि धाकटीला चकार शब्द सांगितला नाही.

सुट्टीच्या दिवशी ती संग्रहालयात आली. मी तिला चालीवरून ओळखले. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या. ती पेटीपाशी उभी राहिली, पाटी वाचली आणि काचेवर तळवा टेकवला. मी आतून तिच्या हातापासून चार बोटांवर होतो.

"बाई, हात लावायचा नाही," पहारेकरी म्हणाला. "नाजूक वस्तू आहेत."

"माझेच आहेत ते."

"असतील. पण हात लावायचा नाही."

थोरली भांडली नाही. तिला भांडता येत नाही, ते खाते धाकटीकडे आहे. तिने हात काढून घेतला आणि ती निघून गेली. पहारेकऱ्याने फडका आणून काच पुसली. मित्रांनो, मला तोंड असते, तर त्या दिवशी सगळे दालन माझ्या ओरडण्याने दणाणले असते.

पण तोच पहारेकरी मनाने वाईट नव्हता. चार दिवसांनी धाकटी संग्रहालयाच्या दुकानात हातमोज्यांचे गाठोडे द्यायला आली, तेव्हा तो सहज बोलून गेला. "तुमच्यासारख्याच चेहऱ्याच्या एक बाई येऊन गेल्या. हे मोजे माझे म्हणत होत्या. हातांना पट्ट्या होत्या."

धाकटीच्या हातातले गाठोडे खाली पडले. ते तिने उचललेही नाही. सरळ प्रमुख बाईंच्या खोलीत गेली, आणि मग जो आवाज चढला तो मला पेटीतही ऐकू आला. बाई तिला समजावत पेटीपर्यंत आल्या. "अहो, ऐका तरी. हा जोड कायमचा संग्रहात घ्यायचं ठरतंय. खाली तुमचं नाव लागेल."

"किल्ली आणा," धाकटी म्हणाली. "आणि घालून दाखवा."

"घालून?"

"तुम्ही पाटीवर लिहिलंय ना उजवा आणि डावा? घाला डाव्या हातात."

बाईंनी पेटी उघडली आणि मला डाव्या हातात घातले. माझा अंगठा त्यांच्या हाताच्या पाठीवर उभा राहिला. बाईंना काही समजेना. त्यांनी मला काढून उलटसुलट बघितले.

"चूक आहे ती," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "माझी चूक. ताईनं ती सहा वर्षं उलटी करून हातात घातली आणि एकदाही बोलून दाखवली नाही. तुम्ही ती धुऊन सुलटी केलीत. आणि मी ती तुमच्या हवाली केली. द्या आमचे मोजे."

बाईंनी एका कागदावर सही घेतली आणि आम्हाला देऊन टाकले. रिकाम्या पेटीतली पाटी त्यांनी स्वतःच काढली, एवढे मात्र मी मान्य करतो.

धाकटी धावत फाटकावर आली तेव्हा दुपारची गाडी निघाल्याचा फोन नुकताच वाजला होता. थोरली चिंध्या गुंडाळत होती. धाकटीने त्या चिंध्या ओढून काढल्या, मला उलटा केला आणि तिच्या डाव्या हातात चढवला. मला वाटले होते मी आनंदाने उड्या मारीन. पण आतला हात माझ्या ओळखीचा नव्हता. सुजलेला, खरखरीत, थंड.

"ताई, मला सांगितलं का नाहीस गं?"

"तू कामात होतीस."

धाकटीने जोडीदार तिच्या उजव्या हातात चढवला. थोरली बाहेर गेली. तेराव्या फेऱ्याला माझ्या अंगठ्याच्या मुळाशी एक टाका सुटला, त्याच्यामागे दुसरा. कापलेली टोके! मी जीव खाऊन धरून राहिलो. सव्वीस फेरे पुरे झाले, फाटक वेळेवर खाली आले, गाडी गेली. तोवर माझा अंगठा निम्मा उसवला होता.

तो रंग पुन्हा कोणाला जमणार नव्हता. कातलेले सूतही उरले नव्हते. फक्त टकळीवर, साहेबांच्या चिठ्ठीवर पडून असलेल्या टकळीवर, थोरलीने अर्धवट टाकलेले थोडे पांढरे सूत होते. सूत काढताना ती चिठ्ठी धाकटीच्या हाती लागली. तिने ती वाचली, जागच्या जागी ठेवली आणि तिथेच बसून माझा अंगठा पांढरा विणला. शेवटची गाठ मारून टोक लांब सोडले. कापले नाही.

आता मी पुन्हा चाकावर असतो. फाटक थोरलीकडेच राहिले. तिच्या भेगा भरल्या, पण डाव्या हाताची करंगळी काही परत आली नाही. ती दिसते, हलते, पण तिला काही कळत नाही. रोज सकाळी ती माझ्यात येते. मी तिला जमेल तेवढी ऊब देतो. मी आहे की नाही, हे तिला समजत नाही. पंधरा दिवसांचे प्रदर्शन म्हणाले होते.

म्हणून मित्रांनो, मी रागावलेलाच राहणार आहे. एखादी हाताने केलेली वस्तू तुम्हाला आवडली, तर तिला काचेत ठेवण्याआधी एवढेच करा. ती कोणाच्या हातातून काढून आणली आहे ते विचारा, आणि आधी त्या हाताकडे बघा.