खर्जाच्या तारेची गाठ

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे तारवाली म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, ही टपाल खात्यात असावी. ताई पियानोच्या तुटलेल्या तारा बदलते, त्याही भिंतीला टेकवून ठेवतात त्या बुटक्या, उभ्या पियानोंच्या. मोठ्या पियानोंना हात लावायला पुष्कळ जण तयार असतात, पण या बुटक्यांच्या पोटात इतकी दाटी असते की भलेभले कारागीर नाकं मुरडतात. ताई बावीस वर्षं त्या दाटीत हात घालते आहे. आई म्हणायची, "मुलीचे हात आहेत की सुताराचे?" त्यावर ताई म्हणायची, "सुताराला एवढं बारीक काम जमत नाही गं."

मी शाळेत गणित शिकवते. आमच्या शाळेच्या पियानोच्या तीन तारा तुटल्या, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी वाद्यांच्या मोठ्या दुकानाच्या मालकांना बोलावलं. त्यांनी वरचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि हात झटकले.

"दोन साध्या तारा मिळतील. पण खर्जाची ही तांबं गुंडाळलेली तार? या मापाची आता मागवून घ्यावी लागेल, आणि येईल तेव्हा खरी. मोडीत काढा हा. मी नवा दाखवतो."

मला राहवलं नाही. "बाई, माझ्या बहिणीला एकदा बघू द्या."

"बघू दे की," बाई म्हणाल्या. "बघायला काय जातंय?"

शनिवारी दुपारी शाळा रिकामी झाल्यावर ताई आली. पुढच्या फळ्या काढून तिनं भिंतीशी उभ्या केल्या, हातोड्यांची अख्खी चौकट अलगद उचलून टेबलावर ठेवली आणि मला म्हणाली, "टॉर्च धर. आणि बोलू नकोस." दोन साध्या तारा तिनं चहा गार व्हायच्या आत बसवल्या. जाडी मोजायची, तार कापायची, खुंटीवर तीन वेढे एकाला एक चिकटून घ्यायचे आणि किल्लीनं ताणायचं. वेढे इतके सारखे, जणू शिवणयंत्रातून निघालेत.

मग ती खर्जाच्या तारेकडे वळली. तार वर, खुंटीच्या अगदी जवळ तुटली होती. म्हणजे वाजणारा भाग शाबूत होता. ताईनं ठरवलं, तांब्याच्या आतल्या पोलादी तारेच्याच जाडीचा साधा तुकडा जुन्या टोकाला गाठ मारून जोडायचा. गाठ खुंटी आणि तार जिच्यावर टेकते ती वरची घोडी यांच्या मधल्या चार बोटांतच बसायला हवी. खाली सरकली, तर स्वर घरघरणार.

तिनं गाठ मारली, किल्ली लावली, बोटानं तार छेडत ताण दिला. स्वर वर चढू लागला आणि कट्‌कन आवाज आला. जुनं टोक गाठीपाशीच मोडलं होतं.

"गेली?" मी विचारलं.

"दीड बोट गेलं. आणखी एकदा पुरेल."

"आणि नाही पुरलं तर?"

"तर दुकानदार खरे ठरतील. टॉर्च जरा वर धर."

तिनं मोडलेला तुकडा उजेडात धरून निरखला. मग स्वतःशीच म्हणाली, "वाकवताना घाई केली मी." या वेळी तिनं तार पकडीनं दाबली नाही. एका जाड खिळ्याभोवती हळूहळू फिरवून गोल फास केला. दुसऱ्या तारेचा फास त्यात गुंतवला. थोडं ताणलं, थांबली. पुन्हा थोडं ताणलं. माझ्या पाठीला घाम फुटला होता, तिच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. शेवटी तिनं हातोड्यांची चौकट परत जागेवर बसवली आणि खर्जाची पट्टी दाबली. जमिनीतून आल्यासारखा भरदार स्वर आला आणि बराच वेळ खोलीत राहिला.

नवी तार हळूहळू ताणली जाते आणि स्वर उतरतो. म्हणून पुढचे पंधरा दिवस ताई चार वेळा येऊन तो चढवून गेली. पाचव्या वेळी आली, तेव्हा नव्या पियानोंची चित्रं घेऊन दुकानाचे मालकही आले होते. त्यांनी उभ्याउभ्याच पियानो वाजवून पाहिला, मग खुर्ची ओढली.

"खर्जाची तार कुठून मिळवलीत?"

"होती तीच आहे," ताई म्हणाली. "जोडली."

"जोडलेली कळल्याशिवाय राहत नाही. कुठली ती?"

"तुम्हीच सांगा ना."

त्यांनी खालचे सगळे स्वर दोनदा वाजवले, डोळे मिटून ऐकले आणि एका पट्टीवर बोट ठेवलं. "ही."

"तिला कारखान्यातून आल्यापासून कुणी हात लावलेला नाही," ताई म्हणाली. आवाज तिनं वर नेला नाही, पण मान ताठ होती. तिनं झाकण उघडून गाठ दाखवली. गव्हाच्या दाण्याएवढी.

मालकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाकून पाहिलं. माणूस खोटा नव्हता. "माझं चुकलं," ते बाईंकडे वळून म्हणाले, आणि मग ताईला, "आमच्या दोन कारागिरांना हे शिकवाल?"

"शिकवीन. पण त्यांना इथं पाठवा. या पियानोवरच शिकवीन."

पुढच्या शनिवारी पिकल्या मिशांचे दोन कारागीर पियानोपुढे आणून ठेवलेल्या पहिलीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. ताई खिळ्याभोवती तार फिरवत होती आणि ते शाळकरी मुलांसारखे वहीत आकृती काढत होते. आमच्या नव्या चित्रकलेच्या सरांनी दारातून डोकावून मला विचारलं, "या कोण?"

"माझी ताई," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण आतले तिघेही वळून बघायला लागले.