कानवाल्या महाराजांचा ढोल

फळ्यांच्या मंचासमोर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर मी, जवळजवळ बहिरी म्हातारी; डोळे बांधलेले, पाय अनवाणी. कानवाल्या महाराजांनी मागून ढोल बडवला आणि माझा हात आपोआप वर गेला. पुन्हा बडवला, पुन्हा वर. लोक महाराजांच्या पायांवर लोळले. मीही रडले. मला वाटलं, ऐकूच आलं.

पट्टी सुटल्यावर महाराज काय गरजतायत ते मी ओठांवरून वाचलं. कापड गिरणीतली बाई मी. मागांच्या खडखडाटात आम्ही ओठच वाचायचो.

"कान म्हणजे आत्म्याचं दार! यंत्र म्हणजे दाराला कुलूप! फेका ते!"

मुलाने माझं कानाचं यंत्र कपाटात बंद केलं, आणि माझे हाल सुरू झाले. सून पाठमोरी हाक मारायची, मी आपली गप्प. मग ती वळायची तेव्हा ओठांवर दिसायचं, "ऐकू येतं, पण ऐकायचं नाही. सोंग नुसतं!"

न्हाणीघरात मी पडले, पुन्हा पडले. मुलगा महाराजांकडे धावला. उपाय घेऊन आला: कानातली पीडा पायांत उतरलीय, म्हातारीला खोलीबाहेर सोडू नका.

बाहेरून कडी लागली.

मुलगा जेवणाचं ताट घेऊन आत आला, तेव्हा मी विचारलं, "अरे, मी गुन्हा काय केला?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच गं. खुबा मोडला तर?"

त्याचे डोळे भरलेले. शत्रूशी भांडता येतं. अशा मायेशी कसं भांडायचं?

पलंग, भिंत, पलंग. उठावं तर पाय लटपटायचे. एका दुपारी पाय खाली सोडले, तर फरशी धडधडत होती. खाली पिठाची चक्की. पाय वर घेतले, शांत. टेकवले, धडधड. डोक्यात लख्ख उजेड पडला. माग अडखळला की आम्हाला तळव्यांनी कळायचं. म्हणून तर चपला काढून उभ्या राहायचो!

पुढच्या सभेत 'बरी झालेली म्हातारी' दाखवायला मला नेलंच. मी मंचावरच्या खुर्चीवर घरच्या दोन उशा रचल्या आणि वर मांडी घालून बसले. डोळे बांधले. पायांना काही कळेना. हात मांडीवरच. शेवटी पट्टी ओढली, तर महाराज घामाघूम, ढोल बडवतायत!

"श्रद्धा आटली हिची!"

"श्रद्धा नाही महाराज, पाय वर घेतले." मी मुलाकडे वळले. "ये वर. फळीवर तळहात ठेव. बडवा आता!"

महाराज बडवेनात. गर्दीतल्या सुताराने टिपरू हिसकावून ढोलावर हाणलं. मुलाने चटका बसावा तसा हात उचलला. मग सगळेच फळ्या चाचपू लागले, आणि महाराजांनी मागची वाट धरली.

मुलाने मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासून त्या म्हणाल्या, "तोल सांभाळणारा भाग कानाच्या आतच असतो. शिवाय सगळं लक्ष ऐकण्याच्या धडपडीत गेलं, तर पावलांकडे कोण बघणार? यंत्र लावा, आधाराने चाला. कोंडून ठेवलं तर पाय आणखी दुबळे होतील."

मुलाने कडी उखडली आणि न्हाणीघरात धरायला भक्कम दांडा बसवला.

तुमच्याकडे कोणी म्हातारं माणूस पडत असेल, तर बुवा शोधू नका. कान तपासा, पाय चालते ठेवा. आणि कडी घालण्याआधी एकदा समोर या, तोंड दिसेल असे उभे राहा, आणि त्यालाच विचारा, काय होतंय ते.