बिनडबीच्या पत्त्याचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. घर शोधायला लागतो तो पत्ता नव्हे, आणि राजा-राणी-गुलामांच्या बावन्नांपैकीही नव्हे. मुले पाकिटातून विकत घेतात, एकमेकांत अदलाबदल करतात आणि आकडा मोठा निघाला की आरडाओरडा करतात, त्या खेळातला मी. माझ्यावर एक खेकडा आहे. त्याच्या नांगीत कंदील आहे आणि खाली छापले आहे : ताकद सात. आज मी स्वतःचे कौतुक करायला आलेलो नाही. मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. एका मोठ्या जाड कागदावर आम्ही ऐंशी जण खांद्याला खांदा लावून छापले गेलो. मग पाते खाली आले आणि आम्ही सुटे झालो. त्या कापण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याशिवाय पत्ता होताच येत नाही.

पाकिटातून मी बाहेर आलो तो थेट भांडणातच. पैसे थोरल्या बहिणीचे होते, पाकीट फोडले होते धाकटीने. दोघी मला एकेका टोकाला धरून ओढू लागल्या. शेवटी त्यांची आई म्हणाली, "दोघींचा म्हणा, नाहीतर मीच दोन तुकडे करून देते." धाकटीने लगेच पेन्सिल आणली आणि माझ्या पाठीवर लिहिले, ‘दोघींचा’. चांगले दाबून लिहिले, कारण ताईचा तिला काडीचा भरवसा नव्हता.

पुढची सहा वर्षे मी राबलो. जिन्याच्या पायऱ्यांवर डाव मांडला जाई. माझा सात आला की समोरच्यांचे चेहरे पडत. माझे कोपरे बोटांनी गोल झाले. एकदा जिंकल्याच्या आनंदात थोरली माझ्यावरच बसली आणि माझ्या पोटावर आडवी घडी पडली. पण मला ‘किती गुणांचा’ असे कुणी विचारले नाही. ‘कंदीलवाला कुठाय?’ एवढेच विचारायचे.

मग मुली मोठ्या झाल्या. थोरली शाळेची बस चालवू लागली. धाकटी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. आम्ही कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या वह्यांखाली. वीस वर्षे आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

तेवढ्या काळात बाहेर भलतेच काही सुरू झाले होते. काही कार्यालये निघाली होती. तिथे माणसे भिंगातून पत्त्याच्या कडा, कोपरे, छपाई तपासत, दहापैकी गुण देत आणि त्याला पारदर्शक, टणक डबीत कायमचा बंद करत. याला म्हणतात ग्रेड केलेला पत्ता. माझ्याच कागदावर माझ्या शेजारी छापलेला माझा भाऊ डबीत दहा गुण घेऊन बसला आणि माझ्या वीसपट किमतीला गेला. त्याने आयुष्यात एकही डाव खेळला नव्हता. एकही! त्याची कमाई काय, तर त्याला कुणी हात लावला नाही.

आणि मग एके वर्षी वारे फिरले. डबीतल्यांचे भाव जागच्या जागी थबकले आणि आम्हा नुसत्या, बिनडबीच्या पत्त्यांचे भाव टणाटण उड्या मारू लागले. थोरली तेव्हा घर बदलत होती. खण रिकामा करताना आमचा गठ्ठा तिच्या हाती लागला. बाजारातल्या एका दुकानावर तिने पाटी पाहिली होती : ‘जुने पत्ते चढ्या भावाने घेतो.’ ती आम्हाला घेऊन तिथे गेली. दुकानदाराच्या गळ्यात सदा भिंग लटकलेले असे, म्हणून सगळे त्याला भिंगशेठ म्हणत.

"डबीतले नाहीत ना? नुसतेच?" त्याने विचारले.

"नुसतेच. डबी कुठून आणू?"

"मग उत्तम! सध्या नुसत्यांनाच मागणी आहे. वर्षभरात तिप्पट झालेत."

"असं का हो?"

"सोडतीच्या तिकिटासारखं असतं ते, ताई. डबीतल्याला किती गुण, ते ठरून गेलेलं. नुसत्याला तपासायला पाठवलं तर कदाचित दहा पडतील. लोक त्या ‘कदाचित’चे पैसे मोजतात."

ऐकलेत? माझ्या चित्राचे नाही, माझ्या सहा वर्षांच्या कष्टांचे नाही. ‘कदाचित’चे! अख्ख्या गठ्ठ्याचे मिळून त्याने थोरलीला जे दिले, त्याहून जास्त भाव माझ्या एकट्याचा होता, हे त्याला भिंग न लावताही कळत होते. तिला मात्र तो म्हणाला, "साधाच माल आहे, पण तुमच्यासाठी घेतो."

ती गेल्यावर त्याने मला मागच्या खोलीत नेले. खोडरबराने माझ्या पाठीवरचे अक्षर पुसले. ओला फडका टाकून माझ्यावर इस्त्री फिरवली, म्हणजे घडी दिसू नये. आणि मग, एका बाजूचे गोल झालेले कोपरे टोकदार दिसावेत म्हणून, पट्टी लावून माझी एक लांब कड ब्लेडने कापली. ‘त्याचा पत्ता कट झाला’ असे तुम्ही सहज हसत म्हणता ना? माझा खरोखरच झाला.

असा नटवून त्याने मला तपासणीच्या कार्यालयात पाठवले. तिथल्या बाईंनी मला मोजले, भिंगाखाली धरले आणि चिठ्ठी लिहिली : ‘एक कड कापलेली आहे. गुण देता येत नाहीत.’ बाईंचे चुकले नाही. पण गुन्हा केला त्याने आणि नापास झालो मी! भिंगशेठने चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली आणि मला काचेच्या कपाटात, खाली पाटी लावून बसवले : ‘जुन्या घरातून थेट. हात न लावलेला. बिनडबीचा.’ किंमत पहिल्यापेक्षाही चढी. नुसत्यांचा भाव वाढतच होता ना!

एका दुपारी एक नर्स आली. रुग्णालयातली पाळी संपवून आली होती, गणवेशही उतरवलेला नव्हता. मला हातात घेऊन म्हणाली, "लहानपणी माझ्याकडे हा एक सोडून सगळे होते." ती पर्स उघडणार, तोच दारातून दोन बायका भांडत आत आल्या. त्यांना मी आवाजावरूनच ओळखले.

"न विचारता विकलेस!" धाकटी म्हणत होती.

"वीस वर्षांत तू एकदा तरी विचारलंस का त्यांना? कपाट आवरलं कुणी? मी!"

थोरलीचे खरेच होते. मग धाकटीची नजर नर्सच्या हाताकडे गेली.

"जरा बघू?" तिने मला घेतले, कडेवरून अंगठा फिरवला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "ही कड आत्ता कापलेली आहे."

"अहो बाई, पत्ता जुना," भिंगशेठ हसला, "मग कड नवी कशी असेल?"

"मी रोज कागद कापते. याच्या तीन कडा पिवळ्या आहेत, एक पांढरी. जुना कागद एकाच बाजूने तरुण होत नाही, शेठ."

थोरलीने समोरच्या स्वस्त पत्त्यांच्या खोक्यातला एक उचलून माझ्यावर ठेवला. मी नखभर अरुंद भरलो. धाकटीने मला खिडकीपाशी तिरके धरले. पेन्सिलीचा रंग गेला होता, पण दाब गेला नव्हता. ‘दोघींचा.’

थोरलीचा चेहरा लालबुंद झाला. "मी दिला तेव्हा यावर आमचं अक्षर होतं. आणि तुम्ही खाली लिहिता, हात न लावलेला? या बाईंना गंडवत होता?"

"त्यात काय एवढं? सगळेच करतात."

मित्रांनो, ब्लेड लागले तेव्हा मला वेदना झाली. पण हे शब्द ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. सगळेच करतात! म्हणजे आम्हा सगळ्यांच्याच कडा अशा मागच्या खोल्यांत उतरत असणार!

"घेऊन जा तो," भिंगशेठ खेकसला. "आता याला कोण विचारतंय!"

"मी विचारतेय," नर्स हळूच म्हणाली. "कापलेला असला तरी चालेल मला."

थोरलीने भिंगशेठने दिलेले पैसे काउंटरवर ठेवले, आमचा बाकीचा गठ्ठाही परत मागून घेतला आणि बहिणीकडे वळली. "गेल्या वेळी मी परस्पर ठरवलं. चुकलंच माझं. या वेळी तू ठरव."

धाकटीने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. "नाही देणार हं," ती नर्सला म्हणाली, "रागावू नका. पण तुम्ही खेळायला या. दोघींपेक्षा तिघींत जास्त मजा येते."

आता महिन्यातून एकदा तिघी जमतात. मोठ्या बायका, पण रडीचा डाव खेळतात! गेल्या खेपेस नर्सचा धक्का लागून माझ्यावर चहा सांडला. थोरलीने मला रुमालाने टिपले, धाकटीने फुंकर घातली आणि डाव तसाच पुढे चालू झाला.

भिंगशेठचे दुकान अजून चालते. पाटी पहिल्यापेक्षा मोठी झाली आहे. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, मित्रांनो : आम्हाला विकत घ्या, विका, हवे तर डबीतही ठेवा. पण भाव विचारण्याआधी आमच्याकडे एकदा नीट पाहा. आणि आम्ही चांगले दिसावे म्हणून कुणी ब्लेड उचलले, तर गप्प बसू नका. आम्हाला ओरडता येत नाही, तुम्हाला येते.

माझ्या खेकड्याच्या अंगावर आता चहाचा तपकिरी डाग आहे. त्याच डावात, ओला असतानाच, मी नर्सचा सहा मारला.