बाबांचं पाणमांजर

शिंपीकाम करणारे बाबा गेले आणि त्यांच्या दोन मुलींत पाणमांजरावरून जुंपली. पाणमांजर पेंढा भरलेलं. दुकानात मशीनवरच्या फळीवर दात विचकून बसलेलं. "नदीत उतरून या हातांनी धरलंय," असं बाबा माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

थोरलीने भांडून ते घरी नेलं. धाकटीने बोलणं टाकलं.

मग थोरलीचा वकील जावई जेवायला आला. पाणमांजर बघून त्याचा घास घशातच अडकला. "सासूबाई, नामशेष होत चाललेला प्राणी आहे हा! परवान्याशिवाय घरात ठेवलात तर तुरुंग."

त्याच संध्याकाळी थोरली आईसोबत, चादरीत गुंडाळलेलं पाणमांजर घेऊन धाकटीच्या दारात उभी.

"घे गं बाई. बाबांची लाडकी तूच."

ताईचं इतकं मऊ बोलणं ऐकून धाकटीला लगेच संशय आला. "नको ताई. मोठीचा मान मोठीलाच."

"अगं, तुझ्या हॉलमध्ये शोभेल."

"मग तुझा हॉल ओका ओका वाटेल त्याचं काय?"

शेवटी थोरलीने खरं काय ते ओकलं. दुसऱ्या दिवशी दोघी वनखात्याच्या कार्यालयात निघाल्या. पिशवीचा एकेक बंद एकेकीच्या हातात, म्हणजे धरलंच तर दोघींना धरतील.

वनअधिकारी बाईंनी पाणमांजराची मिशी ओढली. ती हातातच आली. "ब्रशचे केस," त्या म्हणाल्या. पोटाची शिवण उसवली तर आतून चिंध्या निघाल्या. "कायदा खऱ्या पाणमांजरांसाठी आहे हो. हा कोट आहे."

"आईचा केसाळ कोट!" धाकटी किंचाळली. "हरवला म्हणून आई दोन दिवस रडत होती तो!"

बाई खो खो हसल्या. नवीन शिपायांना खरं-खोटं ओळखायला शिकवू, म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला.

आई थोरलीकडेच राहायची. मटार सोलत बसली होती. दोघींनी चाचरत चाचरत तिला सगळं सांगितलं.

"मीच दिला होता त्यांना कापायला," आई शांतपणे म्हणाली. "तुमच्या आजीची भेट. घातला की मी अस्वल दिसायचे, आणि टाकून देण्याची सोय नव्हती. म्हणून हरवला असं सांगून रडायचं सोंग केलं."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघी एकमेकींना इतक्या प्रेमाने आग्रह करत होतात," आई म्हणाली, "मोडवेना गं."