डावा कौल

तुंगार्लीच्या तळ्याच्या बांधावर माणसाला माणूस चिकटून उभा होता. शेंदूर फासलेल्या दगडापुढे रखमाजीबुवा गरजत होते.

"देवानं ज्याला घेतला, त्यो मेला का?"

"न्हाई!"

"तीन सालांत येक तरी?"

"न्हाई! न्हाई!"

"मंग सापाचं इख मोठं, का माजा देव मोठा?"

गर्दीच्या मागे छत्रीवर रेलून लोणावळ्याच्या दवाखान्याचे डॉक्टर महिपती वाळुंज उभे होते, आणि जळत होते.

साप चावलेला माणूस आणला की बुवा त्याच्या कपाळाला भंडारा लावत, हनुवटी धरून "देवाकडं वर बघ" म्हणत आणि मग कौल लावत. दगडाच्या दोन्ही अंगांना झेंडूची एकेक पाकळी ओल्या बोटाने चिकटवायची. उजवी आधी पडली तर देवाने माणूस घेतला. मग मंत्र, लिंबाचा पाला, आणि तिसऱ्या दिवशी माणूस शेतावर. डावी पडली तर देवाची मर्जी नाही. "न्या." मग रडारड, विनवण्या, नवस. सगळं हरल्यावर कुणीतरी म्हणायचं, दवाखान्यात तरी नेऊ.

तो 'तरी' डॉक्टरांच्या जिव्हारी लागला होता. कारण नेलेला माणूस बहुधा त्यांच्याच खाटेवर दगावायचा. बाजारात लोक म्हणत, बुवाकडं जगतो आन् डाक्तरकडं मरतो.

"खोटं काय त्यात?" कंपाउंडर भिमाजी बाटल्या पुसत म्हणाला. "आपल्याकडं अकरा आले, नऊ गेले."

"तू माझा कंपाउंडर आहेस की त्याचा चेला?"

"मी नुसतं मोजलं, साहेब. जळताय तुमी."

जळत होतेच. पुण्यात शिकायचं, कसौलीहून सर्पविषावरची लस मागवायची, आणि लोकांनी पाया कुणाच्या पडायचं तर त्याच्या! एखादा तरी मरावा, बुवाचा एक तरी, असं मनात येई. आलं की लाज वाटे. तरी येई.

म्हणून त्यांनी वही केली. हेतू चांगला नव्हता. बुवाने घेतलेल्यांपैकी गुपचूप कोण मेलं ते हुडकायचं होतं. भिमाजी सायकल घेऊन वाड्यावस्त्या हिंडला.

नथू. जिवंत. वैरण तोडत होता.

कस्तुराबाई. जिवंत. म्हणाली, "डाक्तरला सांग, अजून मेले न्हाई."

हौशीराम. जिवंत. दुसरं लग्न केलं.

एकेचाळीस नावं. एकेचाळीस जिवंत.

डॉक्टरांनी वही भिंतीवर फेकली. गोष्ट इथेच संपायची. बुवा जिंकला होता. पण मत्सर स्वस्थ बसू देत नाही. त्यांनी वही उचलली, आणखी रकाने आखले आणि भिमाजीला पुन्हा पिटाळलं. देवापुढे नेलं तेव्हा पापण्या उघडत होत्या का? बोलणं नीट होतं? हिरड्यांतून रक्त? आणि या खेपेला नाकारलेल्या अकरा जणांच्या घरीही जा.

नथू. पापण्या उघड्या. सापाला शिव्या देत होता.

कस्तुराबाई. उघड्या. नवऱ्याने साप मारला, ती निघाली धामण.

दत्तोबा. नाकारला. बायको रतनबाई सांगते, "डोळं आपसूक मिटत व्हतं. झोप आली म्हनला." बांधावर तीन तास गेले. मेला.

डॉक्टर बोट फिरवत राहिले. घेतलेल्या एकेचाळिसांत पापणी जड झालेला एकही नाही. नाकारलेल्या अकरांत एकही धड नाही.

बुवाने कुणाला वाचवलं नव्हतं. नुसतं वेचलं होतं. बिनविषारी साप चावलेले, नाग डसूनही विष न भिनलेले, ते देवाला. विष चढलेले दवाखान्याला, तेही उशिरा. "वर बघ" हा मंत्र नव्हता, तपासणी होती; विष चढलं की पापण्या उचलत नाहीत. असली नजर, आणि वापरली कशाला! याचीही डॉक्टरांना आग झाली.

राहिला कौल. पाकळी बुवाच्या मनासारखी पडते कशी?

कार्तिकात भातकापणी चालू असताना वाडीवरची सावित्राबाई लेकीला, बायाला, पाठुंगळी घेऊन दवाखान्यावरून तशीच पुढे गेली. पोरीच्या पायाला फडकं आवळलेलं.

"बाई, इथे आण!"

"आदी देवाला इचारते, डाक्तर."

डॉक्टर बॅग घेऊन मागोमाग धावले. बांधावर बुवांनी हनुवटी धरली. "वर बघ, पोरी." पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. बुवांचं बोट एका वाटीत बुडालं, मग दुसरीत. पाकळ्या लागल्या. ऊन लागलं, डावी गळाली.

"देवाची मर्जी न्हाई. न्या."

सावित्राबाई मटकन बसली. डॉक्टरांनी तोवर पोरीशेजारी गुडघे टेकले होते. सुई आत गेली होती.

"आरं, कौल डावा पडलाय!" गावचे मारुती पाटील ओरडले.

"कौल नंतर. आधी लस."

नाडी धरून बसले तेव्हा दगड त्यांच्या डोळ्यांसमोर आला. उजव्या पाकळीला मुंग्या लागल्या होत्या.

"मारुती पाटील, त्या पाकळीला बोट लावा. आता चाटा."

"देवाचा शेंदूर?"

"चाटा हो!"

पाटलांनी चाटलं. "ग्वाड! गुळाचं पानी हाय की!" त्यांनी दोन्ही वाट्यांत बोट घातलं. एकीत गूळ, एकीत साधं पाणी. गुळाची चिकटून राहते, पाण्याची वाळून पडते.

"देवाला गोड आवाडतं," बुवा पुटपुटले.

"मंग डाव्या अंगानं देवाला उपाशी ठिवतोस व्हय रं?" पाटलांनी विचारलं.

बांधावर हशा पिकला. बुवांनी वाट्या उचलल्या, पण पाटलांनी मनगट धरलं.

तिसऱ्या दिवशी बायाने भाकरी मागितली. चौथ्या दिवशी दवाखान्यापुढे गर्दी, हातात नारळ.

"डाक्तर, तुमच्या हातात देव हाय!"

तीन वर्षं ज्याच्यासाठी जळले ते पायाशी येऊन बसलं होतं. डॉक्टरांना ते गोड लागलं. घोटभर. मग त्यांनी वही आणून आपल्याकडे मेलेल्या नऊ जणांची नावं मोठ्याने वाचली.

"नारळ घरी न्या. एक बाया जगली, म्हणून माझी लस खरी ठरत नाही. ती लसीने जगली, की विषच कमी होतं, मला ठाऊक नाही. पुष्कळ जण वेळेवर येतील तेव्हा कळेल. पण माझ्या हातून सगळे जगतात असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा: परत किती पाठवलेस, आणि त्यांचं काय झालं? मी म्हणालो तर मलाही विचारा."

मागून रतनबाई पुढे आली. तिच्या हातात नारळ नव्हता.

"मी इचारते. माजा दत्तोबा सरळ हितं आणला असता, तर जगला असता?"

डॉक्टरांनी वही मिटली.

"ठाऊक नाही, बाई. पण बांधावर गेलेले ते तीन तास त्याच्या हक्काचे होते."